वेगळी चूल, एकच अंगण

आपल्या भाषेत ‘वेगळी चूल मांडणे’ या शब्दप्रयोगाला भांडणाचा वास आहे. चूल वेगळी झाली, की अंगणात भिंत उभी राहावयाची, असाच आपला समज. तथापि चूल वेगळी आणि अंगण एक, अशी व्यवस्था अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने कायद्यानेच मान्य केली आहे. इंदूर-बडोद्याकडील ज्या घरांतील मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनी ती समजून घ्यावी अशी आहे.

राहत्या घराच्या परसात नवे बांधलेले, अथवा मोटार ठेवण्याच्या जागेचे रूपांतर करून केलेले, असे हे दुय्यम घर असते. निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असेल, तरच कायदा त्याला घर मानतो. आपल्या जुन्या वाड्यांत मालक आणि बिऱ्हाडकरू एकाच चौकाभोवती पिढ्यान्‌पिढ्या नांदले; तेव्हा यात नवल ते काय, असे आपल्याला वाटेल. परंतु तेथील बर्कले शहराने 1916 साली काही वस्ती केवळ एककुटुंबी घरांसाठी राखून ठेवली आणि ही रीत पुढे देशभर पसरली. मग स्वतःच्या जमिनीवर आईवडिलांसाठी दोन खोल्या बांधणेही पुष्कळ ठिकाणी नियमबाह्य ठरू लागले.

अशा घरांसाठी राज्याने 1982 साली कायदा केला खरा. पण मोठ्या भूखंडाची, मोटारीच्या जागेची अट, शेजाऱ्यांपुढे सुनावणी, असे अडथळे शहरांनी कायम ठेवले. परवानगी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहिली. 2003 पासून सुनावणीची अट गेली. 2016 व 2019 साली झालेल्या सुधारणांनी मर्जीची जागा मोजपट्टीने घेतली. आता बाजूच्या व मागच्या हद्दीपासून 4 फूट जागा सोडून 16 फूट उंचीपर्यंतचे 800 चौरस फुटांचे घर शहराला सहसा नाकारता येत नाही. राहते घर असलेल्या जमिनीवरील परिपूर्ण अर्जाचा निर्णय 60 दिवसांत द्यावा लागतो. सार्वजनिक वाहनाचा थांबा अर्ध्या मैलाच्या आत असल्यास मोटारीच्या वेगळ्या जागेची सक्ती नाही. 750 चौरस फुटांहून लहान घरावर नगरविकासाचा आकारही बसत नाही.

कायद्याने वाट मोकळी केली, तरी एक प्रश्न कुटुंबानेच सोडवावयाचा आहे. असे घर सामान्यतः मूळ मालमत्तेचा भाग असते. 2023 च्या कायद्याने ते वेगळे विकण्याची मुभा दिली, पण ज्या शहरांनी ती स्वीकारली तेथेच. सबब निवृत्तीची पुंजी घालून मुलाच्या परसात घर बांधणाऱ्या आईवडिलांचे नाव केवळ पैसे दिल्याने त्या घरावर चढत नाही. पुढे मुलाने ती मालमत्ता विकली, किंवा त्याच्या संसारात दुरावा आला, तर या वृद्धांनी जावे कोठे? म्हणून पाया खोदण्यापूर्वीच, तेथील वकिलाचा सल्ला घेऊन, पैसा कर्जाऊ की देणगीदाखल, निवासाचा हक्क किती काळाचा, हे कागदावर उतरवावे.

आपल्या घरांत असे लिहून घेणे परकेपणाचे वाटते. पण संकोचापोटी न लिहिलेल्या गोष्टींनीच आपल्याकडे अनेक वाडे न्यायालयाच्या दारी गेले आहेत. माया आणि कागद यांत वैर नाही. हद्दीपासून चार फूट अंतर ठेवण्याचा नियम सरकारने घालून दिला. दोन चुलींमधील अंतर किती असावे, हे घरातल्यांनी समंजसपणे, आणि वेळेवर, ठरवावयाचे आहे.