व्यायामाची तीव्रता, ताण आणि वजन

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील २०.६ टक्के स्त्रिया व १८.९ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण अनुक्रमे २४.० व २२.९ टक्के झाले. मधुमेह व उच्च रक्तदाबास पोषक ठरणारी ही वाढ कमावत्या वयातील मनुष्यबळाची कार्यक्षमता घटवते आणि कुटुंबाचा औषधोपचारावरील खर्च वाढवते. २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या ‘फिट इंडिया’ चळवळीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. मात्र व्यायाम जितका दमवणारा, तितके वजन लवकर उतरते, हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. ताणाच्या प्रसंगी रक्तातील साखर वाढवून शरीराला इंधन उपलब्ध करून देणे हे त्याचे कार्य होय. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ पुरुषांनी प्रत्येकी ३० मिनिटे व्यायाम केला. कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमतेच्या ६० व ८० टक्के तीव्रतेला त्यांचे कॉर्टिसॉल वाढले, तर ४० टक्के तीव्रतेला ते किंचित घटले.

ही वाढ तात्पुरती असते आणि पुरेशा विश्रांतीनंतर पातळी पूर्ववत होते. कुशिंग विकारात कॉर्टिसॉल दीर्घकाळ वाढलेले राहून पोटाभोवती चरबी साठते. परंतु तो निकष निरोगी व्यक्तीच्या व्यायामाला लावणे योग्य नव्हे. अडचण उद्भवते ती अपुरी झोप, उपासमार, कामाचा ताण आणि रोजचा अतिकठोर व्यायाम एकत्र आल्यास. अशा वेळी संप्रेरकांची लय बिघडू शकते, गोड व तेलकट पदार्थांची ओढ वाढते. शिवाय नव्या, कठोर व्यायामानंतर स्नायूंत पाणी साठल्याने चरबी घटत असूनही काट्यावरील आकडा काही काळ हलत नाही. निराश होऊन अनेकजण याच टप्प्यावर व्यायाम सोडतात. खरे नुकसान तेथे होते.

ऊर्जेचा हिशेबही बोलका आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. अर्धा तास भरभर चालण्याने साधारण १५० किलोकॅलरी खर्च होतात असे धरल्यास, आहार तोच ठेवून किलोभर वजन घटण्यास सुमारे ५० दिवस लागतील. त्यामुळे आहारनियमनाला पर्याय नाही आणि सातत्याचे मोल तीव्रतेपेक्षा अधिक ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायामाची, तसेच किमान दोन दिवस स्नायूबळ वाढवणाऱ्या व्यायामाची शिफारस केली. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत श्वास वाढणे ही मध्यम व्यायामाची साधी खूण होय. दीर्घ आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच तीव्रता वाढवावी.

चालण्यास भांडवल लागत नाही. लागतात ते मोकळे पदपथ, प्रकाशित मैदाने आणि स्त्रियांना निर्धास्तपणे फिरता येईल असा परिसर. या सुविधांवरील खर्च ही आरोग्यातील गुंतवणूकच होय.