चार तासांचं केटामाइन

पालघर जिल्ह्यातला अच्छाडचा नाका ओलांडून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने जाणाऱ्या मालात औषधंही असतात. केटामाइनचं ‘अनेकेट’ हे इंजेक्शन बनवणाऱ्या निऑन लॅबोरेटरीजचा कारखाना याच जिल्ह्यात, पालघरला आहे. हे औषध शेड्यूल एक्समधलं: दुकानात कुलपाआड ठेवायचं, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपायची.

1970पासून ते भूल द्यायला वापरतात. वेदनेच्या दवाखान्यात मात्र पेशंटला झोपवायचं नसतं. हाड जुळून महिने लोटले, तरी हात सुजलेला, तांबडा, सदऱ्याची बाही घासली तरी कळ मस्तकात जाते. अशा सीआरपीएससारख्या (कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम) दुखण्यात मज्जारज्जूच वेदना वाढवून वर पाठवत असतो. तिथले एनएमडीए रिसेप्टर केटामाइन अडवतं.

पेशंट उपाशीपोटी येतो, सोबत घरचं माणूस. दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, शीर धरून सिरिंज पंप सुरू. अमेरिकेतल्या वेदनातज्ज्ञांच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांतली एक पद्धत घेतली, तर किलोमागे ताशी 0.35 मिलिग्रॅम, रोज चार तास, असे दहा दिवस. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 84 मिलिग्रॅम. म्हणजे मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम असलेल्या कुपीतलं दोन मिलिलिटरही नाही! खर्च औषधाचा नाही. चार तास नजर ठेवणाऱ्या भूलतज्ज्ञाचा आणि नर्सचा आहे.

मध्येच पेशंटला तरंगल्यासारखं वाटतं, भिंती लांब जातात, आवाज पोकळ येतात. वेदनातज्ज्ञाच्या लेखी हा दुष्परिणाम. तो पंपाचा वेग उतरवतो, गरज पडली तर मिडाझोलम देतो. सायकेडेलिक उपचार करणारे नेमका हाच अनुभव कामाचा मानतात. आधी तयारी, नंतर त्यावर बोलणं. केटामाइन सायकेडेलिक पदार्थांचं सख्खं भावंड नव्हे, चुलत म्हणा. एलएसडी आणि सायलोसायबिन हे सख्खे. ते 1985च्या अमली पदार्थ कायद्यामुळे आपल्याकडे दवाखान्यात मिळत नाहीत. शिकागोत एरिक कास्ट यांनी 1964मध्ये असाध्य दुखण्याच्या रुग्णांना एलएसडी देऊन पाहिलं होतं. वेदनाशामकांपेक्षा आराम जास्त टिकल्याचं त्यांनी नोंदवलं. आजच्या कसोटीला तो प्रयोग कच्चाच, पण प्रश्न जुना आहे एवढं त्यावरून कळतं. केटामाइनच्या त्या चार तासांत काय जाणवलं, हे पेशंटला बसून विचारायला तरी कुठल्या परवान्याची गरज नाही.

पंप थांबल्यावरही लगेच उठायचं नाही. चक्कर, मळमळ ओसरेपर्यंत पडून राहायचं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. अच्छाडच्या रोजंदारीवरच्या माणसाला दहा दिवसांचे दहा खाडे, आणि सोबत येणाऱ्याचेही दहा. गुण आला तर तो साधारण बारा आठवड्यांपर्यंत पुरतो.