विमानास अपघात कां होतो?

नांदेड-लातूरकडील आमच्या बालवाचकांस विमान आतां अपरिचित राहिलें नाहीं. परंतु तें पडतें कां, हा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येत असेल. ता. २६ एप्रिल १९९३ रोजीं आपल्याच मराठवाड्यांत, तेव्हांच्या औरंगाबादेस, मुंबईकडे निघालेलें विमान धांवपट्टीपलीकडील रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गांठींनीं भरलेल्या ट्रकवर आदळलें आणि पुढें विजेच्या तारांस लागून कोसळलें. ११८ पैकीं ५५ जण प्राणांस मुकले. चौकशींत दोन कारणें ठरलीं: वैमानिकांनीं विमानाचें नाक उशिरां व चुकीच्या रीतीनें उचललें, आणि उड्डाणाच्या वेळीं रस्त्यावरील रहदारी रोखली गेली नाहीं. शिवाय उष्ण हवा विरळ असते; तींत पंखांस आधार कमी मिळतो व एंजिनाचा जोरहि घटतो. म्हणून आपल्याकडील उन्हाळ्यांत विमानास अधिक लांब धांवावें लागतें.

विमानांतील रेडिओ-उंचीमापक जमिनीकडे लहरी सोडतो व त्या परत येण्यास लागलेल्या काळावरून उंची सांगतो. ३०० मीटर उंचीवरून ही फेरी सेकंदाच्या सुमारें दोन दशलक्षांश काळांत पुरी होते! परंतु हें यंत्र खालीं पाहतें. पुढें आडवा येणारा ट्रक त्यास दिसत नाहीं. तो माणसानेंच थांबवावयाचा असतो. तेव्हां विमानतळाजवळील फाटक बंद दिसल्यास घाई न करितां थांबावें, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. त्या क्षणभर थांबण्यावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात.