‘कुत्रंच होतं की!’

हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणालगतच्या शिवारात कुणाचं कुत्रं मेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : “कुत्रंच होतं की, रडतोस काय? दुसरं आण.” बोलणाऱ्याला समजूतच घालायची असते, हे मान्य. पण ही समजूत चुकीची आहे, आणि ती पुन्हा पुन्हा ऐकून आता राग येतो.

आधी हे नातं जवळून बघा. सोयाबीन, हळद, गहू कुठलंही पीक असो, रात्री रानडुकरांची धास्ती असतेच. जागलीला गेलेल्या माणसाच्या बाजेखाली कुत्रं असतं आणि चाहूल माणसाआधी त्याला लागते. भाकरीचा शेवटचा तुकडा त्याचा, हे ठरलेलं. कुत्रं गेल्यावर महिनाभर जेवण सरत आलं की तसाच तुकडा मोडणारा एक शेतकरी मी पाहिला आहे. तुकडा मोडायचा आणि हात तसाच थांबायचा. दुसरं कुत्रं आणून तो हात सावरला नसता.

“हे शहरातले लाड,” असंही म्हणतात. साफ खोटं. जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. त्यात एक पुरुष, एक बाई आणि एक कुत्र्याचं पिल्लू होतं. दातांवरच्या खुणांवरून २०१८ साली संशोधकांनी दाखवलं, की पिल्लाला डिस्टेंपर झाला होता आणि माणसांनी कित्येक आठवडे शुश्रूषा केली म्हणूनच ते तेवढं तरी जगलं. शेती सुरू व्हायच्याही आधीची ही गोष्ट. आजारी पिल्लाचा शिकारीला काय उपयोग? तरी त्यांनी ते जपलं.

आपल्याकडे बघा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन बैलरथावर कुत्रंही उभं आहे. आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं ते नर्सी आपल्याच हिंगोली जिल्ह्यातलं. ही कथा इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे, मग कुत्र्यासाठी रडणारा माणूस परका का वाटावा?

शरीरही हेच सांगतं. जपानी संशोधकांनी २०१५ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं, की कुत्रं आणि मालक एकमेकांकडे टक लावून बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळाची माया घट्ट करणारं संप्रेरक तेच.

मग हे दुःख इतकं अवघड का जातं? इथं दहावा नाही, तेरावा नाही, भेटायला कुणी येत नाही. समाज ज्याला दुःखच मानत नाही अशा दुःखाचा विचार केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ सालच्या पुस्तकात मांडला. असं दुःख कमी नसतं, फक्त त्याला बसायला फारशी जागा नसते. आणि ती उरलीसुरली जागा ‘कुत्रंच होतं की’ हे वाक्य हिसकावून घेतं.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“मरणाआधी कुत्रं मुद्दाम दूर निघून जातं.” अशक्त जनावर आडोसा शोधतं, एवढंच. त्याला शोधा आणि पशुवैद्यकाकडे न्या.

“त्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात.” नाही. पहिल्या वर्षातच ते जवळपास वयात येतं, आणि मोठ्या चणीची कुत्री लवकर म्हातारी होतात.

“सोबती मेला तरी कुत्र्याला काही वाटत नाही.” इटलीतल्या ४२६ मालकांच्या पाहणीत (२०२२) बहुतेकांनी सांगितलं, की घरातलं एक कुत्रं गेल्यावर दुसऱ्याचं वागणं बदललं : खेळणं आणि खाणं कमी, झोप जास्त.

“रात्री कुत्रं रडलं की कुणीतरी मरतं.” ती लांबच्या कुत्र्यांना दिलेली साद असते.

“वाघ्या कुत्र्याने शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेतली.” समकालीन साधनांत याला आधार नाही. रायगडावरचं वाघ्याचं स्मारक १९३६ सालचं. कुत्र्याची माया सिद्ध करायला दंतकथेची गरजही नाही.

लेकरांना “पळून गेलं” असं सांगू नका, ती वाट बघत बसतात. खरं सांगा, पुरताना सोबत न्या. आणि पुढच्या वेळी कुणाचं कुत्रं गेलं, तर त्याच्या आखाड्यावर जाऊन घडीभर बसा. त्याला म्हणा, “लई गुणाचं होतं रे तुझं कुत्रं.”