देवळावरचे मिथुन आणि आपला संकोच

अंबरनाथच्या शिवालयात एका मिथुनशिल्पापाशी थांबून कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने विचारले, "मामा, हे देवळावर कशाला?" "चल, उशीर होतोय," म्हणत मी तिला पुढे नेले. नरडाण्याला परतलो, तरी प्रश्न पाठ सोडीना. हे देऊळ शके ९८२चे, म्हणजे इ. स. १०६०चे. घडवणाऱ्यांना जो संकोच वाटला नाही, तो मला का वाटावा?

सहाव्या शतकातल्या 'बृहत्संहिते'त वराहमिहिराने देवळाच्या दारावर काय कोरावे ते सांगितले आहे. मंगल पक्षी, स्वस्तिक, घट, पानवेली यांच्याच ओळीत मिथुनही येते. म्हणजे ते शुभचिन्ह होते. तेर, नेवासे येथे सापडलेल्या लज्जागौरीच्या मूर्तींतही मस्तकाच्या जागी कमळ आणि प्रसूतीची बैठक दिसते. ती सर्जनाचीच पूजा. पुढे मध्ययुगात मिथुनांच्या जोडीला उघड रतिशिल्पे आली. देवांगना देसाई यांनी १९७५च्या आपल्या ग्रंथात त्यामागे अशा शुभ समजुतींबरोबर सरंजामी आश्रयदात्यांची विलासी अभिरुचीही दाखवून दिली.

इंग्रजी अमलात नजर पालटली. १८३८मध्ये खजुराहो पाहून कॅप्टन बर्टने तिथल्या शिल्पांबद्दल नापसंती नोंदवली. १८६०च्या दंडसंहितेने अश्लीलता गुन्हा ठरवली, पण देवळांतील शिल्पे आणि देवांचे रथ त्यातून वगळले. कायद्याने दिलेली ही सूट आपल्या शिकलेल्या मनाने मात्र दिली नाही. १९२३मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी प्राचीन स्त्रीपुरुषसंबंधांवरचा लेख 'चित्रमयजगत'मध्ये छापला, तेव्हा मोठा गदारोळ उठला. विषय शिल्पांचा नव्हता. संकोच तोच होता. हेच राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी आमच्या धुळ्यात निवर्तले. त्यानंतर अर्धशतकाने, १९७८मध्ये, रा. चिं. ढेरे यांचे 'लज्जागौरी' आले आणि हाच विषय मराठीत श्रद्धेने व अभ्यासाने मांडला गेला.

आज आपण अश्लील म्हणत नाही. "वासना बाहेर ठेवून आत जा, असा याचा अर्थ," असे सांगून मोकळे होतो. पण वराहमिहिर तर मिथुनाला दारावरच मानाने बसवतो! हे स्पष्टीकरणही संकोचाचेच सभ्य रूप आहे.

भाऊबीजेला बहीण आणि भाची नरडाण्याला येतील. दारावरचे तोरण दाखवून मी भाचीला तिच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर देणार आहे.