देवालयाची त्रिमित प्रतिकृति आणि कामाचा नकाशा : एका नव्या पाठचिकित्सेची आवश्यकता

लोणार (जिल्हा बुलढाणें) येथील दैत्यसूदनाचें देवालय संशोधकांस सुपरिचित आहे. अनेक कोनांनीं आंत-बाहेर होत जाणारा ताराकृति तलविन्यास, गर्भगृह, अंतराळ, सभामंडप आणि भिंतींवरील दाट शिल्पकाम यांमुळें वऱ्हाडांतील मध्ययुगीन देवालयांत त्याची गणना अग्रभागीं होते. हेन्री कझिन्स यांनीं दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील आपल्या १९३१ सालच्या ग्रंथांत त्याचा समावेश केला आहे. मूळ दगडी शिखर मात्र आज जागेवर नाहीं. अशा वास्तूंचीं मापें घेऊन संगणकावर त्यांची त्रिमित प्रतिकृति रचावी, व तीवरून दुरुस्तीच्या कामाचे नकाशे काढावे, अशी पद्धति आतां सर्वत्र रूढ झाली आहे. प्रतिकृति एका प्रणालींत होते आणि नकाशे दुसरींत. या दोहोंमधील प्रवासांत काय टिकतें व काय गळतें, हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय यंत्रविद्येचा वाटला, तरी पोथ्यांच्या प्रती ताडून पाहणाऱ्यांस तो परका नाहीं, असें आम्हांस वाटतें.

१. पूर्वपीठिका

कल्पना आणि बांधकाम यांतील अंतर शिल्पकारांस पूर्वींपासून ठाऊक होतें. भोपाळजवळील भोजपूर येथें अकराव्या शतकांतील अपुरें राहिलेलें शिवालय आहे. त्याच्या आसपासच्या खडकांवर तलविन्यास, स्तंभ इत्यादिकांच्या रेखाकृति कोरलेल्या आजही दिसतात. सूत्रधाराच्या मनांतील रचना पाथरवटाच्या हातीं पोंचविण्याचा तो मार्ग होता. ज्या भोजराजाशीं हें देवालय निगडित आहे, त्याच्याच नांवावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुग्रंथ आहे. शास्त्र, रेखा व शिला हे तीन टप्पे तेव्हांही भिन्न होते, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी अर्थ लावणारा मनुष्य लागत असे. आज त्या मनुष्याची जागा बहुधा एक आज्ञा घेते. संशोधकानें सावध व्हावें तें येथेंच.

२. प्रणालींचे स्वभाव

कल्पनाकृतीसाठीं स्केचअप ही प्रणाली फार वापरली जाते. ती २००० सालीं निघाली. तिच्यांत रेषा व पृष्ठें एवढेंच मूलद्रव्य असतें. रेषांनीं वेढलेलें पृष्ठ ओढलें कीं घन उभा राहतो. विचार चालू असतां फेरफार करण्यास ही रीति अत्यंत सुलभ आहे. परंतु जी वस्तु आपणांस भिंत दिसते, ती त्या प्रणालीस केवळ सहा पृष्ठांचा समूह असते.

कामाच्या नकाशांसाठीं १९८२ सालीं निघालेली ऑटोकॅड व २००० सालीं निघालेली रेव्हिट या प्रणाली प्रसिद्ध आहेत. ऑटोकॅडमध्यें कागदावरील आरेखनाचीच परंपरा पुढें चालते. रेषा निरनिराळ्या स्तरांवर ठेवल्या जातात. रेव्हिटचा स्वभाव याहून वेगळा. तेथें भिंत ही भिंत म्हणूनच नोंदली जाते. तिची जाडी, द्रव्य व मजला तिच्याबरोबर राहतात. तलदर्शन, छेद व परिमाणपत्रकें त्या एकाच नोंदींतून निघतात, आणि एका ठिकाणीं केलेला बदल सर्वत्र उमटतो.

३. स्थलांतरांतील दोष

पहिला दोष असा कीं आकार राहतो, पण अर्थ जातो. स्केचअपमधील देवालय रेव्हिटमध्यें नेलें तर तें डोळ्यांस तसेंच दिसतें; परंतु त्यांतील जंघा, स्तंभ व छत यांची ओळख पटत नाहीं. मोडी न वाचतां अक्षरांची वळणें हुबेहूब गिरविणाऱ्या लेखकासारखी ही स्थिति होय. प्रत सुबक उतरते. पदच्छेद मात्र कोठेंच होत नाहीं.

दुसरा दोष वक्रांचा. स्केचअपमधील वर्तुळ मुळांत चोवीस बाजूंचा बहुकोन असतो. बाजूंची संख्या वाढवितां येते, पण पुष्कळ जण ती वाढवीत नाहींत. तीन मीटर त्रिज्येच्या छतांत अशा बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळापासून सुमारें २६ मिलिमीटर आंत येतो, आणि क्षेत्रफळ शेंकडा एकाहून किंचित् अधिक घटतें. चित्र म्हणून हें कोणास जाणवणार नाहीं. दगड घडविणाऱ्यास मात्र एक इंच म्हणजे सांधा न बसणें होय.

तिसरा दोष मानाचा. आरेखनांतील आंकडा कधीं कधीं एककावांचून प्रवास करतो. इंचांतील शंभर हे मिलिमीटरांतील शंभर समजले गेले, तर वास्तु पंचवीस पटींहून लहान होते. एवढी मोठी चूक लागलीच दिसते. परंतु पूर्वींच्या मोजणींतील फूट व आजचे मीटर यांची सरमिसळ एखाद्या भागापुरतीच झाली, तर ती वर्षानुवर्षें लपून राहूं शकते.

चौथा दोष मूळबिंदूचा. भूमापनांतील स्थानांक लक्षावधी मीटरांचे असतात. ते जसेच्या तसे आणले, कीं मूळबिंदूपासून फार दूर पडलेल्या आकृतीच्या रेषा थरथरूं लागतात व सूक्ष्म मापें बिघडतात. म्हणून देवालयाच्या जोत्याचा एखादा पक्का कोन स्थानिक मूळबिंदु धरावा, व त्याचा भूमापनाशीं संबंध स्वतंत्र लिहून ठेवावा.

पांचवा दोष सर्वांत घातक. तो म्हणजे प्रक्षेप. समजा, एखाद्यानें दैत्यसूदनाच्या प्रतिकृतीवर अनुमानानें शिखर चढविलें, आणि तें अनुमान आहे हें दाखविण्यासाठीं त्यास निराळा रंग व निराळा स्तर दिला. स्थलांतरांत रंग गेला, स्तर एकवटले. नकाशा काढणाऱ्याच्या हातीं आलें तें मोजलेल्या भिंतींइतकेंच ठाम दिसणारें शिखर. पुढें त्यावर मापें पडलीं, परिमाणपत्रक झालें, आणि अनुमान दगडांत उतरण्याच्या वाटेस लागलें. पोथींतील समासाची टीप पुढच्या लेखकानें मूळ श्लोकांत ओवावी, तसेंच हें. पोथींतील प्रक्षेप प्रती ताडून काढतां येतो. देवालयावर चढलेला प्रक्षेप उतरवितांना मूळ दगडही जायबंदी होतो. जेथें अनुमान सुरू होतें तेथें जीर्णोद्धारानें थांबावें, हा १९६४ च्या व्हेनिस सनदेचा दंडक याच भयानें घातलेला आहे.

४. उपाय

प्रणालींमधील देवघेवीसाठीं आयएफसी नांवाची सामायिक लेखनपद्धति आहे. ती २०१३ सालीं आयएसओ १६७३९ या क्रमांकानें आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यांत भिंत, स्तंभ, छत यांस स्वतंत्र संज्ञा असून गुणधर्मही नोंदतां येतात. मात्र मूळ प्रतिकृतींत जें लिहिलेंच नाहीं, तें कोणतीही देवघेव उत्पन्न करूं शकत नाहीं.

आमच्या मतें सुरक्षित मार्ग असा : कल्पनाकृति परिवर्तित न करतां ती आधारप्रत म्हणून शेजारीं ठेवावी, आणि नकाशाच्या प्रणालींत प्रत्येक अंग मापवही पाहून नव्यानें रचावें. शुद्ध प्रत करणारा संपादक पोथी पुढ्यांत ठेवून लिहितो, तोच हा क्रम. श्रम अधिक पडतात. पण प्रत्येक रेषेस कोणी तरी जबाबदार राहतो. दोन्ही प्रणालींत आळीपाळीनें दुरुस्त्या करूं नयेत. प्रवाह एकाच दिशेचा असावा. प्रत्येक अंगाच्या नांवांतच ‘मोजलेलें’, ‘जुन्या छायाचित्रावरून’, ‘अनुमान’ अशी खूण घालावी; कारण रंगापेक्षां नांव अधिक वेळां टिकतें. स्थलांतरानंतर निदान दहा ठिकाणचीं मापें वास्तूवर जाऊन पुन्हां ताडावीं. शेवटीं पोथीच्या पुष्पिकेप्रमाणें कर्ता, तिथि, प्रणालीची आवृत्ति व मूळ मापवहीचें ठिकाण यांची नोंद जोडावी, आणि सर्व नकाशांची एक प्रत कागदावर ठेवावी.

शिंदखेड राजा, मेहकर, साकेगांव, सातगांव आदि ठिकाणच्या जुन्या वास्तूंचीं मापें घेण्यास आपल्या जिल्ह्यांत अद्याप पुष्कळ अवकाश आहे. या संगणकीय प्रती उद्यांचीं हस्तलिखितें होत. त्यांची वंशावळ आजच लिहून ठेवली नाहीं, तर पुढील संशोधकांस मूळ कोणतें व भर कोणती हें ठरविण्यास साधन उरणार नाहीं. संग्राहकांनीं पोथ्यांबरोबर अशा मापवह्या व त्यांच्या नोंदीही आपल्या दप्तरांत जपाव्या, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.