चार लाख पावलांचा हिशेब

ज्येष्ठ वद्य अष्टमीला संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरास पोहोचते. वाट सुमारे २४० किलोमीटरांची. या वाटेवरचा सर्वांत अवघड भाग कोणता, असे विचारले तर बहुतेक जण पुणे व सासवड यांच्यामधील दिवे घाटाचे नाव घेतील. शरीराच्या दृष्टीने हे कितपत खरे आहे? कार्य आणि ऊर्जा हा शालेय पाठ व थोडा गुणाकार एवढ्या सामग्रीवर आपण हे तपासू शकतो.

प्रथम घाट घेऊ. वारकऱ्याचे वजन ६० किलोग्रॅम आणि घाटातील चढ २०० मीटर धरू. गुरुत्वत्वरण १० मानले तर गुरुत्वाविरुद्ध करावे लागणारे कार्य ६० × १० × २०० म्हणजे १,२०,००० जूल, अर्थात सुमारे २९ किलोकॅलरी होते. स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा कार्यात आणतात. तेव्हा चढासाठी खर्ची पडतात सुमारे ११५ किलोकॅलरी. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून सुमारे १७० मिळतात. म्हणजे चढाचा जादा खर्च एका भाकरीपेक्षाही कमी!

आता सपाट वाट. विसावा घेताना होणारा खर्च वजा केला, तर चालण्यासाठी दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोग्रॅममागे साधारण अर्धी किलोकॅलरी लागते. पुणे-सासवड ही मजल ३० किलोमीटरांची धरली तर हा खर्च ९०० किलोकॅलरी होतो, म्हणजे पाचांहून अधिक भाकरी.

मग घाटात दम का लागतो? कारण प्रश्न एकूण ऊर्जेचा नसून ती किती वेळात पुरवायची याचा, म्हणजे शक्तीचा आहे. घाटाच्या चार किलोमीटरांत सपाटीचे १२० आणि चढाचे ११५, असा जवळजवळ दुप्पट पुरवठा तेवढ्याच वेळात करावा लागतो. पालखीच्या रथाला घाटात जादा बैलजोड्या जुंपतात, त्याचे कारणही हेच. सावकाश चढणारा म्हातारा वारकरी तेच कार्य अधिक वेळात उरकतो, इतकेच.

पण सपाट रस्त्यावर आपण काहीच वर उचलत नाही. तेथे ऊर्जा लागतेच कशाला? खरे तर आपण उचलतो, आणि तेही प्रत्येक पावलाला. चालताना जमिनीवर टेकलेला पाय उलट्या लंबकासारखा वागतो. पाय सरळ उभा असताना शरीर सर्वांत उंच असते, पुढचे पाऊल पडताना ते खाली येते. ही वर-खाल सुमारे तीन सेंटिमीटरांची असते. एक पाऊल ६० सेंटिमीटरांचे धरले तर २४० किलोमीटरांत चार लाख पावले पडतात. चार लाख गुणिले तीन सेंटिमीटर म्हणजे १२ किलोमीटर. एव्हरेस्टची समुद्रसपाटीपासूनची उंची ८,८४९ मीटर आहे, हे येथे आठवावे.

हा सगळा भार स्नायूंवर पडत नाही. लंबकाप्रमाणेच शरीर उंच असताना त्याची गती थोडी मंदावते व खाली येताना वाढते. स्थितिज ऊर्जेची गतिज आणि गतिजेची पुन्हा स्थितिज होत राहते. सोयीच्या चालीत अशी सुमारे साठ टक्के ऊर्जा परत मिळते. उरलेली मात्र प्रत्येक पावलाला नव्याने घालावी लागते.

डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या स्त्रिया वारीत असतात. त्यांच्यासंबंधी मनात येणाऱ्या प्रश्नाला जवळचा एक अभ्यास केनियात झाला आहे. तेथील लुओ व किकुयू स्त्रिया आपल्या वजनाच्या एक-पंचमांशापर्यंत ओझे डोक्यावरून नेताना जादा ऊर्जा खर्च करीत नाहीत, असे १९८६ साली प्रसिद्ध झाले. ओझे असताना त्यांचा ‘लंबक’ अधिक काटकसरीने चालतो, हे १९९५ मध्ये दाखवले गेले. अर्थात, डोक्यावरून ओझे नेणाऱ्या सर्वांनाच हा लाभ होतो असे नाही, हेही पुढील अभ्यासांत दिसले.

सपाट वाटेवर दिवसाअखेर शरीराची उंची वाढलेली नसते, गतीही उरत नाही. तेव्हा खर्च केलेली जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी उष्णताच बनते. शरीराचा नेहमीचा खर्च मिळवला तर चालणाऱ्याच्या अंगात तासाला सुमारे १९० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. साठ किलोग्रॅमच्या देहाचे तापमान एक अंशाने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तासाभरात ताप जवळजवळ चार अंशांनी चढेल! तो चढत नाही, कारण एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी नेल्या जातात. पण घाम निथळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. पावसाने ओढ दिली, ऊन पडले, हवा दमट व गर्दीत कोंडलेली असली की धोका वाढतो. वारकरी असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला व अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

दुसरा कच्चा दुवा म्हणजे कातडी. पाऊल टेकताना तळव्याची त्वचा चपलेला धरून राहते, आतले हाड मात्र किंचित पुढे सरकते. हा आडवा ताण दर पायाला दोन लाख वेळा पडतो. त्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात, मधल्या पोकळीत द्रव भरतो, तोच फोड. ओलसर त्वचेवर घर्षण वाढते, म्हणून पावसात फोड अधिक येतात. न फुटलेला लहान फोड फोडू नये. वरची कातडी हेच त्याचे निर्जंतुक आवरण होय. मधुमेह्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते. जखम झाल्याचे त्यांना कळतच नाही, आणि अशी जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. अशा वारकऱ्यांचे तळवे रोज मुक्कामावर दुसऱ्या कोणी पाहावेत.

घाट एकदाच येतो, आणि त्यासाठी माणूस मनाची तयारी करून असतो. पाऊल चार लाख वेळा पडते, म्हणूनच त्याची काळजी निसटते. पालखीमार्गावरील अनेक शाळांत दिंड्या उतरतात. त्या वेळी वरच्या वर्गांतील मुलांना तीन कामे सहज देता येतील : पाय धुऊन कोरडे करण्याची सोय ठेवणे, सावलीची व वाऱ्याची जागा राखणे आणि उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते ठेवणे (चमचा चहाचा).

करून पहा : भिंतीवर डोक्याच्या उंचीला लांब कागद चिकटवा. विद्यार्थ्याने कानाजवळ पेन्सिल धरून, तिचे टोक कागदाला टेकवून, भिंतीलगत नेहमीसारखे चालावे. उमटलेल्या लाटेची उंची मोजा, पावलाची लांबी मोजा, आणि आपल्या गावापासून पंढरपूरपर्यंत आपण किती ‘उंच’ चढू ते काढा.